वाइताकेरेच्या वाटा: चिखल झाकण्याची किंमत

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराच्या पश्चिमेला वाइताकेरे नावाची डोंगररांग आहे. दाट, ओलं, बारमाही हिरवं जंगल. उद्यानाचं क्षेत्र 16,000 हेक्टरच्या वर, त्यात 250 किलोमीटरहून जास्त पायवाटा, आणि गाडीने तासाभराच्या आत सोळा लाखांवर वस्तीचं शहर. 1 मे 2018 रोजी ऑकलंड कौन्सिलने या उद्यानातला जवळजवळ सगळा जंगलाचा भाग लोकांसाठी बंद केला. वणवा लागला नव्हता, दरडही कोसळली नव्हती. बुटाच्या तळव्याला चिकटणारा चिखल, एवढंच कारण होतं.

पुढे एकेक वाट दुरुस्त करून पुन्हा उघडायला सुरुवात झाली. चिखलाच्या जागी खडी आली, मुळांवरून जाणाऱ्या तुकड्यांवर लाकडी फळ्यांची उंच वाट आली, निसरड्या चढांवर चौकटीच्या पायऱ्या बसल्या. हे सगळं कौरी नावाचं झाड वाचवण्यासाठी. म्हणूनच मला हे प्रकरण अभ्यासायला निवडावंसं वाटलं. एरवी जंगलातली वाट सुधारतात ती चालणाऱ्याच्या सोयीसाठी. मग एका पारड्यात माणसाची सोय आणि दुसऱ्यात जंगलाचं नुकसान, असा सरळ तंटा असतो. इथे दोन्ही पारड्यांत जंगलच आहे, आणि तरी किंमत मोजणं टळलेलं नाही.

झाड कुठे जेवतं

कौरी, शास्त्रीय नाव अगाथिस ऑस्ट्रालिस, न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या वरच्या भागातच आपोआप उगवतं. वाइपोआच्या जंगलातला ताने माहुता हा आज उभा असलेला सर्वांत मोठा कौरी. त्याच्या बुंध्याचा घेर 13 मीटरहून अधिक आहे. हात धरून वेढा घालायचा तर आठ-नऊ माणसं लागतील. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला ही झाडं जहाजांसाठी, घरांसाठी बेसुमार तोडली गेली. वाइताकेरेत तर ओढ्यांवर लाकडी बांध घालून पाणी तुंबवत आणि ते एकदम सोडून ओंडके खाली लोटत. आज तिथे उभे असलेले बरेच कौरी त्या तोडीनंतर उगवलेले आहेत. काही वाटाही त्याच काळातल्या, लाकूड ओढण्यासाठी पडलेल्या.

वाटांच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते कौरीचं जमिनीखालचं वागणं. खोल जाणारी खुंट्यांसारखी मुळं झाडाला उभं धरतात, पण अन्न घेणारी बारीक मुळं अगदी वर, पालापाचोळ्याच्या थरात पसरलेली असतात. कौरीची साल खवल्याखवल्यांनी गळते, पाला आम्लधर्मी असतो, सावकाश कुजतो. बुंध्याभोवती त्याचा ढिगारा साचतो. माओरी भाषेत त्याला ‘पुकाहुकाहु’ असा खास शब्द आहे. त्या पाल्यातून झिरपणारं आम्ल पाणी खालच्या जमिनीतली पोषकद्रव्यं धुऊन नेतं. खालची जमीन हळूहळू निकस होत जाते आणि झाड जेवतं ते वरच्या या भुसभुशीत गादीतून.

मुळांचा पसारा किती धरायचा? तिथल्या संरक्षणाच्या कामातला ठोकताळा असा आहे: फांद्यांचा पसारा बुंध्यापासून जितका, त्याच्या तिप्पट अंतरापर्यंत मुळांचा इलाका समजायचा. फांद्या 8 मीटरपर्यंत गेल्या असतील तर मुळं 24 मीटरपर्यंत. बुंध्याजवळून सरळ जाणारी वाट मग जवळजवळ 48 मीटर त्या झाडाच्या ताटातून जाते. चालणाऱ्याला मात्र वाटतं, आपण झाडाजवळून दहा पावलं गेलो.

डिंक ओघळतो तेव्हा

संत्र्या-मोसंबीच्या बागा असणाऱ्यांना डिंक्या सांगावा लागत नाही. बुंध्याची साल तडकते, डिंक ओघळतो, झाड वरून वाळत जातं. तो रोग ज्या फायटॉफ्थोरा प्रजातीमुळे होतो, तिचाच एक भाऊबंद कौरीचा काळ ठरला आहे. या प्रजातीच्या नावाचा अर्थच ‘वनस्पतींचा नाश करणारा’. 1845 पासून आयर्लंडचे बटाटे कुजवणाराही याच घरातला. दिसायला बुरशीसारखा, पण जीवशास्त्राच्या हिशेबाने बुरशी नव्हे. कौरीवरचा प्रकार ग्रेट बॅरिअर बेटावर 1970 च्या दशकात सापडला होता, तेव्हा त्याला दुसरंच नाव चिकटलं. वाइताकेरेत झाडं वाळताना दिसू लागली तेव्हा पुन्हा तपास झाला. 2008 मध्ये तिथल्या जैवसुरक्षा कायद्याखाली तो ‘नको असलेला जीव’ म्हणून जाहीर झाला आणि 2015 मध्ये त्याला स्वतःचं नाव मिळालं: फायटॉफ्थोरा अगाथिडिसिडा, म्हणजे कौरीमाऱ्या.

त्याचं काम मुळांपासून सुरू होतं. ओल्या मातीत त्याचे शेपटीवाले बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत बारीक मुळांपर्यंत जातात. मुळं कुजतात, रोग बुंध्याच्या तळाशी चढतो, तिथून डिंक पाझरतो, वर पानं पिवळी पडून विरळ होतात. फॉस्फाइटची इंजेक्शनं बुंध्यात देऊन रोगाचा वेग कमी करता येतो, पण रोग मुळापासून घालवणारं औषध नाही. आणि या जीवाचे दुसऱ्या प्रकारचे, जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. जनजागृतीच्या फलकांवर सांगितलं जायचं की टाचणीच्या डोक्याएवढी माती पुरे. रानडुकरं ही माती इकडून तिकडे नेतात, पाणी नेतं, पण दूरवर, एका डोंगरधारेवरून दुसऱ्या डोंगरधारेवर नेणारा सर्वांत भरवशाचा वाहक म्हणजे माणसाचा बूट.

म्हणून वाटांच्या तोंडाशी बूट साफ करण्याची ठाणी आली. आधी ब्रशने माती काढायची, मग जंतुनाशकाचा फवारा. क्रम महत्त्वाचा, कारण मातीचा गोळा राहिला की औषध आतपर्यंत पोचत नाही. आता खोल खाचांचा, ओल्या चिकणमातीने भरलेला बुटाचा तळवा डोळ्यांसमोर आणा. खाचांच्या कोपऱ्यात दाबून बसलेली माती ब्रशच्या दोन-चार हातांत निघत नाही, तिला काडी घालून उकरावं लागतं. शनिवारी सकाळी मुलं-बाळं घेऊन आलेलं कुटुंब हे किती मन लावून करेल? सगळी व्यवस्था या एका प्रश्नावर उभी होती आणि ती टिकली नाही.

पन्नास मीटरचा आकडा

2017 च्या कौन्सिलच्या अहवालाने चित्र पालटलं. 2011 च्या पाहणीत उद्यानातल्या कौरीच्या क्षेत्रापैकी सुमारे 8% बाधित होतं. 2016 मध्ये ते 19% झालं. बाधित पट्ट्यांपैकी सुमारे 70% वाटांपासून 50 मीटरच्या आत होते. वर्तमानपत्रांनी हाच आकडा उचलला.

हा आकडा मी जरा उलटसुलट करून पाहिला. 250 किलोमीटर वाट, दोन्ही बाजूंना 50-50 मीटर, म्हणजे 100 मीटरचा पट्टा: 25 चौरस किलोमीटर, 2,500 हेक्टर. वाटा एकमेकींना छेदतात, तेव्हा खरं क्षेत्र याहून कमीच. उद्यानाच्या फार तर सहाव्या-सातव्या हिश्श्यात 70% रोग. वाट दोषी आहे असं म्हणायला हे पुरेसं वाटतं.

पण एक अडचण आहे. कौरीला डोंगरधारा आवडतात आणि वाटा काढणाऱ्यांनाही. धारेवर निचरा चांगला, झाडोरा जरा मोकळा, दिशा चुकत नाही. तेव्हा मुळात कौरीच वाटांजवळ जास्त असतील तर रोगी कौरीही वाटांजवळ जास्त दिसणार. यामुळे वाट निर्दोष ठरत नाही. चिखलातून रोग जातो हे वेगळ्या पुराव्यांनी पक्कं आहे. पण 70% चा सगळा भार बुटांवर टाकता येत नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचा सगळा खर्च त्या एका आकड्याच्या जोरावर मंजूर झाला.

वाट बंद करण्याची मागणी आधी केली ती ‘ते कावेराऊ आ माकी’ यांनी. ही तिथली मूळ माओरी जमात. या जंगलाशी तिचं नातं कौन्सिलपेक्षा कितीतरी जुनं. 2 डिसेंबर 2017 रोजी त्यांनी जंगलावर ‘राहुई’ घातली. राहुई म्हणजे एखादी जागा सावरेपर्यंत तिथे कोणी जायचं नाही असा परंपरेचा निर्बंध. कायद्याचं बळ तिला नव्हतं आणि बरेच लोक तरीही जात राहिले. कौन्सिलने त्याच महिन्यात पूर्ण बंदीला नकार देऊन फक्त काही धोक्याच्या वाटा बंद करायचं ठरवलं. फेब्रुवारी 2018 मध्ये भूमिका बदलली आणि मेपासून बंदी लागू झाली. त्याच वर्षी ऑकलंडकरांच्या मालमत्ता करात पर्यावरणासाठी वेगळी पट्टी बसली: दहा वर्षांत 31 कोटी न्यूझीलंड डॉलरच्या आसपास उभे करायचे, त्यातला मोठा वाटा कौरीच्या रोगासाठी, आणि त्यात वाटांची कामं.

सुधारणेच्या पोटात काय असतं

‘सुधारलेली वाट’ हा शब्द कागदावर एक असला तरी जमिनीवर त्याचे तीन-चार निरनिराळे प्रकार होतात, आणि प्रत्येकाचं बिल वेगळं असतं.

पहिला प्रकार खडीचा. जमीन न खणता वर कापड अंथरायचं, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारख्या कप्प्यांची प्लास्टिकची चौकट ताणायची आणि कप्पे खडीने भरायचे. भार पसरतो, खालची माती दबत नाही, बुटाला चिखल लागत नाही. मुळांच्या दृष्टीने खणण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण हे प्लास्टिक जंगलात कायमचं राहायला आलेलं असतं. पाच-दहा पावसाळ्यांनी वरची खडी सरकते, कप्प्यांच्या कडा उघड्या पडतात, वर पाला कुजून नवी माती तयार होते. जी माती झाकायला खडी टाकली, तीच खडीवर येऊन बसते. मग पुन्हा साफसफाई, पुन्हा खडी. ही कामं संपणारी नाहीत.

शिवाय खडी येते कुठून हा प्रश्न आहेच. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जारा वृक्षांच्या जंगलात याच कुळातला दुसरा रोगजंतू, फायटॉफ्थोरा सिनामोमी, पसरण्यात रस्त्यांसाठी वापरलेल्या बाधित मुरमाचा हात होता. जंगलात रस्ता करायला आणलेल्या मुरमानेच जंगल मारलं. न्यूझीलंडमध्ये त्यामुळे स्वच्छ, तणमुक्त खडीचा आग्रह धरला जातो, आणि अवघड जागी सामान हेलिकॉप्टरने उतरवतात. हेलिकॉप्टरला सामान सोडायला वर मोकळं आकाश लागतं. ते कुठून मिळवायचं, हे जंगलात काम करणाऱ्याला विचारावं.

दुसरा प्रकार फळ्यांच्या वाटेचा. खांब रोवायचे, त्यावर आडव्या तुळया, त्यावर फळ्या. माणूस जमिनीला न टेकता जातो. माझ्या मते मुळांवरून जायचंच असेल तर याहून चांगला मार्ग नाही. खड्डे मात्र प्रत्येक खांबाला लागतात, आणि तेही नेमके त्या 24 मीटरच्या ताटात. खड्डा हाताने, हळूहळू खणायचा. मुठीएवढं मूळ लागलं की खड्डा बुजवून खांब वीतभर सरकवायचा. आराखड्यावर खांबांची जागा आधीच ठरलेली असते, अंतरं मोजलेली असतात, आणि तो एक वीत सरकला की वरच्या तुळया पुन्हा कापाव्या लागतात. ठेक्याने काम करणाऱ्या माणसाला हे किती परवडतं, यावर त्या झाडाचं एक जाडजूड मूळ अवलंबून असतं.

खांबाचं लाकूडही निरुपद्रवी नाही. न्यूझीलंडमध्ये उघड्यावरच्या बांधकामाला तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या द्रावणात मुरवलेलं पाइन सर्रास वापरतात. नाहीतर त्या ओल्यात लाकूड चार दिवस टिकायचं नाही. या धातूंचा थोडा अंश पावसाने निघत राहतो, आम्ल पाण्यात जास्त. तो बहुतेक खांबाजवळच्या मातीतच अडकतो, त्यामुळे याचा बाऊ करायची गरज नाही. पण कौरीखालची जमीन आम्ल आहे आणि त्याची बारीक मुळं त्याच मातीत आहेत, हेही विसरून चालत नाही.

तिसरा प्रकार चढाचा, आणि इथे खरी गोम आहे. टिकाऊ वाट कशी काढायची याचे नियम जगभर ठरलेले आहेत: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, वाट उताराला आडवी न्यायची, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता ओलांडून जातं. वाइताकेरेच्या जुन्या वाटा याच्या बरोबर उलट. धार धरून सरळ वर. अशा वाटेची पावसात नाली होते, मग लोक कडेकडेने चालतात, नाली रुंद होते, मुळं उघडी पडतात. नियमाने पाहिलं तर वाट आडवी वळवायला हवी. पण आडवी वाट म्हणजे डोंगराच्या कुशीत पायरी कापणं, वरच्या बाजूची माती उकरणं, मुळं तोडणं, आणि जिथे आजवर बूट गेला नव्हता तिथे तो नेणं. रोग नसता तर हीच शिफारस मी डोळे झाकून केली असती. रोग असताना जुन्याच सरळ रेषेवर चौकटीच्या शेकडो पायऱ्या बसवणं, दिसायला कितीही ओबडधोबड असलं तरी, कमी वाईट ठरतं.

वाटेच्या रुंदीचा हिशेब लोक आधी मांडतात, म्हणून तोही सांगतो. पाऊण मीटरची वाट दीड मीटर झाली तर किलोमीटरमागे 750 चौरस मीटर जमीन जास्त गेली. एका मोठ्या कौरीच्या मुळांचा इलाका, मघाच्या हिशेबाने, सुमारे 1,800 चौरस मीटर. म्हणजे वाट रुंद होऊन थेट गेलेली जमीन एकूण जंगलाच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि टीका करणाऱ्यांनी त्यावरच बोट ठेवणं मला चुकीच्या जागी खाजवण्यासारखं वाटतं. जंगलाला किंमत मोजावी लागते ती वाटेच्या कडेने.

कडेने जे जातं

सगळ्यात आधी पाणी. चिखलाची वाट पाणी शोषते, साठवते, सगळीकडे झिरपवते. टणक वाट ते गोळा करते आणि ठरावीक ठिकाणी, चराच्या तोंडाशी, ओतते. साधारण जंगलात याचा अर्थ त्या जागी धूप. इथे त्याचा दुसरा अर्थ आहे, कारण या रोगाचे बीजाणू पाण्यातून पोहतात. वरच्या बाजूला एखादं बाधित झाड असेल आणि चराचं तोंड खालच्या निरोगी कौरीकडे वळलं असेल, तर रोगाला आपणच पाट काढून दिला. चर कुठे सोडायचा हा दोन मिनिटांचा निर्णय असतो, फावड्याने घेतला जातो, आणि पुढे दिसेनासा होतो.

मग गाळ. वाइताकेरेच्या ओढ्यांत हॉकस्टेटरचा बेडूक राहतो, जेमतेम पाच सेंटिमीटरचा, जगातल्या सर्वांत प्राचीन बेडूककुळांपैकी एकातला. दिवसभर तो ओढ्याकाठच्या दगडांखाली, फटींत दडलेला असतो. फट हेच त्याचं घर, आणि बारीक गाळ तीच भरून टाकतो. जुनी चिखलाची वाटही ओढ्यात गाळ सोडत होतीच, आणि सुधारलेली वाट तो पुढे कमी करते, हे मान्य. पण कामाच्या महिन्यांत, माती उघडी असताना, गाळ एकदम येतो. बेडकाला सरासरीने जगता येत नाही. एका हंगामात फटी बुजल्या की बुजल्या.

प्रकाशाचंही तसंच. वाट रुंद झाली, कडेच्या फांद्या छाटल्या, वरचं छत थोडं उघडलं की उन्हाचा पट्टा जमिनीवर येतो. बाहेरून येऊन रुजलेली आक्रमक झाडं त्याचीच वाट पाहत असतात. ऑकलंडच्या जंगलांत रानआलं आणि वेली शतावरी या दोघांनी आधीच उच्छाद मांडला आहे. शतावरीची वेल तर जंगलाच्या तळाची रोपंच गुंडाळून टाकते. बागांनी वेढलेल्या जंगलात पक्षी बिया आणतातच, वाट त्यांना रुजायला जागा देते.

आणि शेवटी माणसं. चिखलाची, घसरडी, दिवसभर खाणारी वाट ही स्वतःच एक चाळणी असते. ती काढून सपाट खडी आणि पायऱ्या दिल्या की येणाऱ्यांची संख्याच वाढते असं नाही, जातकुळी बदलते. जुने ट्रॅम्पर, म्हणजे तिथले डोंगरभटके, यावर जे चिडले त्यातला काही भाग नुसता जुन्या आठवणींचा होता: आमच्या पावलांना मुळं लागायची, आता पार्कात फिरल्यासारखं वाटतं. पण एक मुद्दा त्यांचा पक्का होता. मोजक्या वाटा उघडल्या की सगळी गर्दी त्यांवरच येते, आणि शहराला लागून असलेल्या जंगलात गर्दी म्हणजे वाट सोडून फोटोसाठी दोन पावलं बाजूला जाणारी माणसं. कठडा असला तरी.

इथे एक गोष्ट उलट्या बाजूनेही बोलते. माणसाच्या पावलांनी जमिनीचं होणारं नुकसान सरळ रेषेत वाढत नाही. कोऱ्या जमिनीवरची पहिली काही शेकडा पावलं सर्वांत जास्त मोडतोड करतात. त्यापुढे दहापट माणसं आली तरी नुकसान दहापट होत नाही. म्हणून एकाच टणक वाटेवर हजार माणसं चालवणं हे दहा कच्च्या वाटांवर शंभर-शंभर चालवण्यापेक्षा जंगलाला स्वस्त पडतं. वाट सुधारण्याच्या बाजूचा माझ्या लेखी हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. फक्त त्याला एक अट चिकटलेली आहे: उरलेल्या नऊ वाटा खरोखर बंद व्हायला हव्यात. सुधारलेली एक आणि चोरून वापरात असलेल्या नऊ, असं झालं तर दोन्हीकडचा खर्च माथी येतो.

बंद ठेवणंही फुकट नाही. वाइताकेरेत उंदीर आणि पॉसम (ऑस्ट्रेलियातून आणलेला, झाडांवर राहणारा प्राणी) मारण्यासाठी सापळ्यांच्या रांगा आहेत. ‘आर्क इन द पार्क’ या प्रकल्पाने याच कामाच्या जोरावर कोकाको पक्षी परत आणला. त्या रांगा म्हणजे जंगलात आडव्यातिडव्या गेलेल्या पायवाटाच, न सुधारलेल्या, नकाशावर नसलेल्या. सापळे तपासायला स्वयंसेवकांना तिथून जावं लागतंच. सापळे सोडले तर पक्षी जातात, सापळे तपासले तर माती हलते. त्यावर बूट धुण्याची शिस्त आणि कोरड्या दिवसांची निवड याखेरीज उपाय नाही, आणि खडी टाकायचा विचार तर कोणी स्वप्नातही करणार नाही.

2021 ची पाहणी

मग 2021 मध्ये नव्याने पाहणी झाली, या वेळी दोन हजारांहून अधिक कौरींची, शास्त्रीय नमुना काढून. निकाल 2022 मध्ये आला. माती तपासलेल्या झाडांपैकी सुमारे 10% ठिकाणी रोगजंतू सापडला, आणि तो मुख्यतः उद्यानाच्या कडेच्या भागांत. आतल्या मोठ्या भागात तो आढळला नाही. 2016 च्या 19% शी याची तुलना करून ‘रोग निम्मा झाला’ म्हणणं चूक ठरेल: पद्धत वेगळी, मोजलेली गोष्ट वेगळी. आधी क्षेत्र मोजलं होतं, आता झाडं.

माझ्या दृष्टीने या निकालाने वाटांचा प्रश्न सोपा न करता अवघड केला. कडेला रोग आहे, तिथेच माणसांची ये-जा जास्त, आणि तिथल्या वाटा सुधारणं म्हणजे आधीच आजारी असलेल्या मातीवर झाकण घालणं. ते योग्यच. आतला गाभा निरोगी दिसतो. तिथे नेणारी वाट कितीही चांगल्या दर्जाने बांधली तरी ती बांधायला माणसं, अवजारं, सामान आत जाणार, चर खणले जाणार आणि पुढची पन्नास वर्षं डागडुजी करणारे येत राहणार. कडेच्या वाटेला लावलेलं मोजमाप गाभ्यातल्या वाटेला लावता येत नाही. ऑगस्ट 2022 पासून या रोगासाठी राष्ट्रीय पातळीवरची नियमावली लागू झाली आहे आणि कौरीच्या मुळांच्या इलाक्यात माती हलवण्यावर आता कायद्याचा लगाम आहे. तो लगाम वाट बांधणाऱ्यांनाही लागू पडतो, ही त्यातली मला आवडलेली गोष्ट.

असं काम तपासायची वेळ आली तर मी वाटेची रुंदी मोजायला टेप घेऊन जाणार नाही. धो-धो पावसात जाईन, पहिल्या चराच्या तोंडाशी उभा राहीन आणि पाणी खाली कोणत्या झाडाकडे जातं ते बघत बसेन. मग दुसऱ्या चराशी.